देणारा नत्र आणि घेणारे आम्ल : रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुइस यांचे जीवन



चैत्री पौर्णिमेनंतर आपल्या येरमाळ्यात येडेश्वरीची पालखी निघते आणि हजारो माणसे रानात चुनखडीचे खडे वेचतात, हे दृश्य तुम्हांस नवे नाही. ही चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना होतो आणि तो पाण्यात भिजवला म्हणजे पानाच्या डबीतला चुना होतो. दुसरी एक वस्तू तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. ती म्हणजे नवसागर. आपल्या दखनी बोलीत त्याला नौसादर म्हणतात. कलईवाला तांब्या-पितळेचे भांडे भात्यावर तापवून त्यावर ही पूड टाकी, भसकन पांढरा धूर निघे, आणि मग कथिलाचा हात फिरला की भांडे आतून चांदीसारखे लखलखे. स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि कलईवाल्याची हाक गावोगाव कमी झाली; पण नवसागर अजूनही मिळतो.

आता असे पाहा. नवसागराला एरवी वास येत नाही. चुन्यालाही उग्र वास नाही. पण दोन्ही चिमूटभर एकत्र चोळले की नाकात झिणझिण्या येतात आणि डोळ्यांत पाणी उभे राहते. भोवळ आलेल्या माणसाला हे हुंगवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हा जो वायू सुटतो तो अमोनिया, म्हणजे एक भाग नत्र आणि तीन भाग हायड्रोजन यांचे संयुग. नवसागरात तो बांधलेला होता, चुन्याने त्याला मोकळे केले. मग तो बांधलेला कशाने होता?

नवसागराची ओळख आपल्या पूर्वसूरींना फार जुनी. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावर जे अरबी ग्रंथ आहेत त्यांत नौशादर आहे. अल् राझी यांनी तर पदार्थांची वर्गवारी करताना पारा, गंधक आणि हरताळ-मनशीळ यांच्या बरोबरीने त्याला 'रूह' या वर्गात बसविले, कारण तापविला की तो उडून जातो. कारागिरांना त्याचा उपयोग समजला होता, हकिमांना त्याचा गुण समजला होता. पण अमोनिया कोणाला धरतो आणि का धरतो, याचे उत्तर सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर ज्यांनी दिले त्या गिल्बर्ट न्यूटन लुइस यांची हकीकत आज तुम्हांस सांगावयाची आहे.

लुइस यांचा जन्म ऑक्टोबर 1875 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेमथ या गावी झाला. वडील वकील होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब नेब्रास्का राज्यातील लिंकन या गावी राहावयास गेले. आई-वडिलांनी मुलाला घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी तो वाचू लागला असे सांगतात. तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याचे बहुतेक शिक्षण घरच्या ओट्यावर झाले म्हणावयास हरकत नाही. पालकांनी याचा अर्थ मुलाला शाळेतून काढावे असा घेऊ नये! अर्थ एवढाच की त्या घरात संध्याकाळी मुलाशी बोलायला आई-बापांना वेळ होता, आणि त्याच्या प्रश्नाला गप्प बस हे उत्तर मिळत नव्हते. पुढे आयुष्यभर लुइस कोणाच्या मोठ्या नावाला दबले नाहीत, त्याचे मूळ त्यांच्या चरित्रकारांना येथेच दिसते.

नेब्रास्का विद्यापीठात दोन वर्षे काढून ते हार्वर्डला गेले. 1896 साली पदवीधर झाले, वर्षभर एका शाळेत शिक्षकी केली आणि 1899 साली थिओडोर रिचर्ड्स यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली. विषय होता जस्त व कॅडमियम यांच्या पारदमिश्रणांतील विद्युत्‌दाब. त्यानंतर जर्मनीत लाइप्झिग येथे ओस्टवाल्ड यांच्याकडे व ग्योटिंगेन येथे नर्न्स्ट यांच्याकडे थोडे थोडे दिवस काम केले. नर्न्स्ट यांच्याशी त्यांचे जमले नाही. हे वितुष्ट पुढे वाढतच गेले.

आता 1902 सालाकडे या. लुइस हार्वर्डमध्ये शिकवीत होते. मुलांना संयुजा समजावून सांगायची होती, म्हणजे कोणते मूलद्रव्य किती हातांनी दुसऱ्याला धरते ते. फळ्यावर नुसते आकडे लिहून मुलांच्या डोक्यात काही उतरत नाही हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. लुइस यांनी एका कागदावर चौकोनी ठोकळे काढले. ठोकळ्याला आठ कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन मांडावयाचा. सोडियमच्या ठोकळ्यावर एकच ठिपका, क्लोरीनच्या ठोकळ्यावर सात. सोडियमने आपला एक दिला की क्लोरीनचे आठ पुरे, आणि मीठ तयार! हा कागद आजही जपून ठेवलेला आहे. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि अणूच्या आत काय आहे याचा पत्ता कोणालाच नव्हता. हार्वर्डच्या वडील मंडळींना अशा कल्पनेत रस नव्हता. तिला तेथे उत्तेजन मिळाले नाही आणि ठोकळे चौदा वर्षे वहीतच राहिले.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही, भाषा आणि इतिहास शिकविणारा माणूस आहे. तरीही मला हा कागद फार मोलाचा वाटतो. रसायनशास्त्रातील एवढी मोठी कल्पना संशोधनाच्या खोलीत नव्हे तर वर्गासाठी टिपण काढताना सुचली, हे आमच्या व्यवसायबंधूंनी ध्यानात घ्यावे.

1904 साली लुइस हार्वर्ड सोडून थेट फिलिपीन्समध्ये मनिलाला गेले. तेथे वजने-मापे खात्याचे अधीक्षक म्हणून वर्षभर काम केले. एवढा बुद्धिमान मनुष्य तराजू आणि वजने तपासावयास का गेला, याचे नवल वाटते. मनिलाच्या सिगारींची सवय मात्र त्यांना तेथे लागली ती कायमची. परत आल्यावर 1905 पासून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सात वर्षे काढली. 1912 साली त्यांचे लग्न मेरी शेल्डन यांच्याशी झाले आणि त्याच साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना बर्कली येथे रसायनशास्त्र महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून बोलावले. मग ते बर्कलीचेच झाले.

बर्कलीत लुइस यांनी दर आठवड्याला एक बैठक सुरू केली. लांबट टेबलाभोवती प्राध्यापक बसत, मागे विद्यार्थी बसत, आणि लुइस सिगार ओढीत ऐकत. कालचा विद्यार्थीदेखील मोठ्या प्राध्यापकाची चूक काढू शके. स्वतः लुइस मोठ्या सभेत बोलावयास नाखूश असत, ठरलेल्या तासांची व्याख्याने जवळजवळ देतच नसत. पण अगदी पहिल्या वर्षाच्या मुलांना लहान लहान तुकड्यांत शिकविण्याचे काम ज्येष्ठ प्राध्यापकांनीही करावे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली.

1916 साली लुइस यांनी अणू आणि रेणू यांवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. चौदा वर्षांपूर्वीच्या ठोकळ्यांतून आता एक मोठी गोष्ट निघाली. दोन अणू एकमेकांना धरतात ते इलेक्ट्रॉनच्या जोडीने. प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घालावयाचा आणि जोडी दोघांनी सामाईक वापरावयाची. दोन भाऊ मिळून विहीर खणतात आणि पाणी दोघांच्या शेतात जाते, तसेच हे. आज शाळेत मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती ठिपके मांडतात ती पद्धत याच निबंधातील.

आता नत्राकडे वळू. नत्राच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन. अमोनियात त्याने तीन हायड्रोजनांशी तीन जोड्या केल्या, त्यात त्याचे तीन इलेक्ट्रॉन गुंतले. दोन उरले. ही उरलेली जोडी कोणाशीच भागीदारीत नाही, ती नत्राची स्वतःची शिल्लक आहे. नत्राच्या संयुगांचा सारा चमत्कारिक स्वभाव या शिलकी जोडीत आहे. दुसऱ्या बाजूस बोरॉन घ्या. त्याच्याकडे मुळात तीनच इलेक्ट्रॉन. तीन फ्लोरीन अणूंशी भागीदारी केली तरी त्याच्याभोवती सहाच होतात, दोनांची जागा रिकामी. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी 1809 सालीच हा बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू आणि अमोनिया वायू एकत्र आणून पाहिले होते. दोन वायू भेटले आणि पांढरे घन चूर्ण खाली बसले! दोन्ही वायू आपापल्या जागी तृप्त दिसत होते. मग ते एकमेकांना का चिकटले, याचे उत्तर शंभर वर्षे कोणाजवळ नव्हते. लुइस यांच्या ठिपक्यांनी ते एका ओळीत दिले. नत्राने आपली शिलकी जोडी बोरॉनच्या रिकाम्या जागेत ठेवली. भागीदारी दोघांची, पण भांडवल सगळे एकट्या नत्राचे.

यावरून लुइस यांनी 1923 साली, संयुजेवरील आपल्या पुस्तकात, आम्ल कशाला म्हणावे याची नवी व्याख्या मांडली. जो इलेक्ट्रॉनची जोडी देतो तो आम्लारी, जो ती घेतो तो आम्ल. आंबटपणाचा येथे संबंध नाही, हायड्रोजनदेखील असलाच पाहिजे असे नाही. त्याच 1923 साली युरोपात ब्रन्स्टेड व लॉरी यांनी वेगळी व्याख्या दिली. हायड्रोजनचा प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. ती सोयीची होती, मोजमापाला सोपी होती, आणि पाण्यातील रसायनांना पुरेशी होती. जगाने ती उचलली. लुइस यांची व्याख्या पुस्तकाच्या पानात पडून राहिली.

नवसागराचे कोडे आता सोडवा पाहू. अमोनियाच्या शिलकी जोडीवर एक प्रोटॉन येऊन बसला आहे. प्रोटॉनजवळ स्वतःचा एकही इलेक्ट्रॉन नाही, म्हणून तो नुसता घेणारा. हा झाला बांधलेला अमोनिया. चुना त्या प्रोटॉनला ओढून घेऊन त्याचे पाणी करतो, आणि नत्राची जोडी मोकळी होऊन अमोनिया तुमच्या नाकात शिरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात अमोनियाचे द्रावण जास्त घातले की गडद निळा रंग उमटतो, तोही याच जोडीचा खेळ. तेथे घेणारे तांबे आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह आणि झाडाच्या हिरव्या पानात मॅग्नेशियम, दोघांनाही मध्यभागी धरून ठेवले आहे ते चार चार नत्रांनी.

पण नत्र नेहमीच उदार नसतो हेही सांगितले पाहिजे. अमोनियातील तीन हायड्रोजन काढून तेथे तीन फ्लोरीन बसविले तर नत्राजवळ जोडी तशीच राहते. परंतु फ्लोरीन इतके लोभी की ते इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतात आणि ते संयुग क्वचितच कोणाला काही देते. हवेतल्या नत्राचीही तीच कथा. दोन नत्र अणू तीन जोड्यांनी एकमेकांना असे करकचून धरून आहेत की शिलकीच्या जोड्या असूनही बाहेरच्याला हात लागू देत नाहीत. हवेतला नत्र असा सबंध रेणूच्या रूपाने एखाद्या धातूला चिकटलेला मिळाला तो थेट 1965 साली, रुथेनियम या धातूच्या संयुगात.

लुइस यांच्या जोडीच्या कल्पनेचे पुढे काय झाले ते ऐका. 1918 साली ते पहिल्या महायुद्धात मेजर म्हणून फ्रान्सला गेले आणि सैनिकांना विषारी वायूपासून बचाव शिकविणारी व्यवस्था त्यांनी उभी केली. 1919 पासून अर्व्हिंग लँगम्यूर या कुशल वक्त्याने तीच कल्पना वाढवून, नवी नावे देऊन, सभांतून मांडली. मंडळी या सिद्धांताला दोघांच्या जोडनावाने, कधी कधी तर एकट्या लँगम्यूर यांच्या नावाने ओळखू लागली. लँगम्यूर यांनी लुइस यांचे ऋण नाकारले नव्हते, त्यांनी भरही घातली होती. पण लुइस दुखावले गेले. माझ्या मते दोष थोडा लुइस यांचाही होता. व्याख्यान देणे टाळणाऱ्या माणसाचे श्रेय बोलक्या माणसाकडे सरकणारच.

नोबेल पारितोषिकाची गोष्ट तर याहून विलक्षण. गुरू रिचर्ड्स यांना 1914 चे मिळाले, नर्न्स्ट यांना 1920 चे, लँगम्यूर यांना 1932 चे, लुइस यांचे विद्यार्थी हॅरॉल्ड युरी यांना जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल 1934 चे. शुद्ध जड पाणी प्रथम लुइस यांनी 1933 साली वेगळे केले होते. तीसहून अधिक वेळा त्यांचे नाव सुचविले गेले आणि एकदाही पारितोषिक मिळाले नाही. 1934 साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा राजीनामा दिला. पुढे त्यांच्या बर्कलीत तयार झालेल्या जिओक, सीबॉर्ग, लिबी यांना आणि त्यांनी बोलावून आणलेल्या कॅल्व्हिन यांनाही नोबेल मिळाले.

1938 साली, वयाच्या त्रेसष्टीत, लुइस यांनी पंधरा वर्षे पडून राहिलेली आपली व्याख्या पुन्हा हाती घेतली. मदतीला ग्लेन सीबॉर्ग हा तरुण होता. पाणी मुळीच नाही अशा द्रवात त्यांनी रंग बदलणारे दर्शक घातले. हायड्रोक्लोरिक आम्लाने जसा रंग पालटतो तसाच तो बोरॉन ट्रायक्लोराइडने आणि कथिलाच्या क्लोराइडनेही पालटला, जरी त्या दोहोंत हायड्रोजनचा कणही नाही. नंतर पिरिडीन आणि ट्रायएथिलअमाइन ही नत्राची संयुगे घातली आणि रंग झटकन मूळपदावर आला. आम्ल-आम्लारीचे उदासिनीकरण डोळ्यांसमोर घडले, तेही प्रोटॉनवाचून. आता मात्र लोकांनी कान दिला.

या व्याख्येने जे दार उघडले त्यातून नवेच कोडे बाहेर आले. हर्बर्ट ब्राउन आणि त्यांचे सहकारी यांनी 1942 साली नत्राचे ल्युटिडीन नावाचे एक संयुग घेतले. त्याच्या नत्राच्या दोन्ही बाजूंस मेथिलचे गट पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. प्रोटॉनला ते सहज धरते, कारण प्रोटॉन अगदी लहान. बोरॉन ट्रायफ्लोराइडलाही धरते. पण बोरॉनवर तीन मेथिल गट बसविले की दोघांचे खांद्याला खांदे अडतात आणि देणारा तयार, घेणारा तयार, तरी सौदा होत नाही. सगळ्यांना वाटले, हा अपवाद आहे, नोंदवावा आणि पुढे जावे. 2006 साली कॅनडात डग्लस स्टीफन यांनी दाखविले की अशा अडलेल्या जोड्यांत जी ओढ शिल्लक राहते ती हायड्रोजन वायूचा रेणूदेखील फोडते. हे काम तोवर बहुधा धातूंकडूनच करवून घ्यावे लागे. त्यांचा पहिला प्रयोग फॉस्फरसच्या संयुगावर होता, पण लवकरच नत्राच्या संयुगांतही तेच आढळले.

हे पाहावयास लुइस हयात नव्हते. 23 मार्च 1946 रोजी दुपारी ते बर्कलीच्या प्रयोगशाळेत एकटेच काम करीत होते. त्या दिवशी दुपारच्या जेवणाला लँगम्यूर त्यांच्याबरोबर होते असे सांगतात. टेबलावरील प्रयोग द्रवरूप हायड्रोजन सायनाइडचा होता, म्हणजे पुन्हा नत्राचेच संयुग, आणि अत्यंत विषारी. थोड्या वेळाने ते टेबलाजवळ जमिनीवर मृतावस्थेत आढळले आणि खोलीत सायनाइडची वाफ होती. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले. वय सत्तर वर्षांचे होते. त्यांचे दोन्ही मुलगे पुढे रसायनशास्त्राचेच प्राध्यापक झाले. बर्कलीत त्यांच्या नावाची इमारत आहे.

आपल्या मुला-मुलींच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आम्ल व आम्लारीच्या धड्यात त्यांची व्याख्या आजही आहे, आणि शेजारी उदाहरण म्हणून अमोनिया व बोरॉन ट्रायफ्लोराइड आहे. ते पान उघडाल तेव्हा नत्राच्या डोक्यावरचे दोन ठिपके आधी शोधा.